जांबोटी ते कणकुंबी: सायकलसाठी कच्ची वाट हवी आहे

मंडळी, दिवाळीनंतर आम्ही दोघं बेळगावहून जांबोटीमार्गे कणकुंबीला ग्रॅव्हल सायकलने (कच्च्या रस्त्यांवरही चालणारी) जायचं म्हणतोय. जांबोटीपर्यंतचा रस्ता पाठ आहे. प्रश्न त्यापुढचा. चोर्ला घाटातून गोव्याकडे जाणारा मुख्य रस्ता गाड्यांच्या वर्दळीमुळे टाळायचाय.

सॅटेलाइट नकाशावर गावांना जोडणाऱ्या लाल वाटा दिसतात, पण झाडीत शिरल्या की गायब. त्यातली एक धरून पाहिली. तांबड्या मातीत बैलगाडीच्या चाकोऱ्या, मध्ये जांभ्याचे टोकदार दगड, आणि ओढ्यापाशी वाटच संपली. जांबोटीत विचारलं तर सगळे डांबरी रस्ताच सांगतात.

भीमगड 2011 पासून अभयारण्य आहे, त्यामुळे त्याच्या हद्दीत शिरायचं नाही. हे पक्कं. टायर 40 मिमी, ट्यूबलेस. थोडं अंतर सायकल ढकलायची तयारी आहे, खांद्यावर घेऊन ओढा ओलांडायची नाही. मोबाइलला रेंज नसते, म्हणून वाटेतल्या वाड्यांची नावं क्रमाने कळली तर फार बरं. अंधाराआधी कणकुंबीच्या माउली मंदिरापाशी पोहोचायचंय.

गुरंवाल्यांची किंवा बैलगाडीची, नोव्हेंबरात कोरडी असणारी आणि अभयारण्याबाहेरून जाणारी सलग वाट कुणाला माहीत आहे का? मुख्य रस्ता नेमका कुठे सोडायचा?