दुष्परिणाम कमी होतील, पण टळणार नाहीत

कॅन्सरचं औषध मेदाच्या सूक्ष्म कणांत बंद करून दिलं तर केमोचा त्रास होणारच नाही का, असा प्रश्न आहे. होतो. ऑक्सफर्डच्या चाचणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. यकृतात कॅन्सरच्या गाठी असलेले १० रुग्ण, शिरेतून डॉक्सोरुबिसिन हे केमोचं औषध भरलेले लायपोसोम (म्हणजेच मेदाचे कण), आणि शरीराबाहेरून नेमका गाठीवर रोखलेला अल्ट्रासाउंड. त्यानं गाठ साधारण ४० अंशांपर्यंत तापली की कणांचं आवरण पाझरतं, औषध तिथंच सुटतं. अल्ट्रासाउंडच्या आधीपेक्षा गाठीतलं औषध सरासरी ३.७ पट वाढलं! आईची केमो जवळून पाहिल्यामुळे हा आकडा मला फार मोठा वाटतो. पण बाकीचे कण रक्तात फिरतातच. निम्म्या रुग्णांच्या संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी तात्पुरत्या खूप घटल्या. शिवाय ही पहिल्या टप्प्याची चाचणी, आयुष्य वाढतं का हे तपासायला ती नव्हतीच.