अण्णांची बीपीची जोडगोळी : मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

वडील (अण्णा) ७१ वर्षांचे, कऱ्हाडजवळ गावी असतात. मी पुण्यात. बीपी दहा-बारा वर्षांपासून आहे, शुगर नाही. गावातल्या डॉक्टरांनी दिलेली टेल्मिसार्टन ४० ची एक गोळी रोज सकाळी, एवढंच चालू होतं. दिवाळीनंतर वरचं बीपी १६० च्या खाली येईना म्हणून दादाने कऱ्हाडला फिजिशियनना दाखवलं. त्यांनी टेल्मिसार्टन ४० आणि अम्लोडिपिन ५ एकत्र असलेली कॉम्बिनेशनची गोळी लिहून दिली, रात्री जेवणानंतर एक. नंतर बीपी उतरलं आणि आम्ही निर्धास्त झालो.

परवा गावी गेले तर सकाळी अण्णा मोरीतून बाहेर येता येता चौकट धरून थांबले. "काही नाही गं, पित्त झालंय." घरच्या मशीनवर बसून ११२/६४ आलं. उभं करून दोन मिनिटांनी परत मोजलं तर ९०/५६. मग मी त्यांचा औषधांचा डबा (श्रीखंडाचा, अर्थात) जमिनीवर पालथा केला.

जुनी पट्टीही अर्धी संपलेली! म्हणजे सकाळी जुनी, रात्री नवी. कंपनी वेगळी, नाव वेगळं, रंगही वेगळा. पट्टीमागची बारीक अक्षरं मोबाइलवर फोटो काढून मोठी केली तेव्हा कळलं की टेल्मिसार्टन दोन्हीत आहे. दिवसाला ४० ऐवजी ८०, वर अम्लोडिपिन. विचारलं तर म्हणाले, "डॉक्टरच म्हणाले ना, जोडगोळी आहे. म्हणून जुनीच्या जोडीला घेतो." यावर काय बोलणार? शब्दाचा अर्थ त्यांनी बरोबरच लावला होता. जुनी बंद करायची हे चिठ्ठीवर कुठेच लिहिलेलं नाही.

डब्यातून अजून एक कागदाची पुडी निघाली. गुडघ्यांसाठी मेडिकलमधून आणलेल्या डायक्लोफेनॅकच्या गोळ्या. "दुखलं तर घेतो" म्हणजे आईच्या हिशोबाने जवळजवळ रोज. आणि स्वयंपाकघरात वहिनीने कौतुकाने आणलेलं 'बीपीवाल्यांचं' कमी सोडियमचं मीठ. पाकिटावर पोटॅशियम क्लोराइड लिहिलंय.

प्रश्न असे :

जुनी गोळी आजच्या आज थांबवू की डॉक्टरांशी बोलेपर्यंत दोन्ही चालू ठेवू? (त्यांचा फोन लागत नाहीये. दादा म्हणतो दोन्ही बंद कर, ते मला पटत नाही.) हे मीठ चालेल का? पाय घोट्याजवळ सुजलेत, बोट दाबलं की खळगा पडतो, ते कशाने? आणि या वयाच्या माणसाच्या गोळ्या तुम्ही घरी कशा लावून देता?

अपडेट, त्याच संध्याकाळी : सगळ्यांचे आभार. दवाखान्यात फोन लागला. जुनी गोळी बंद, रात्रीची कॉम्बिनेशनची सध्या चालू ठेवायची, डायक्लोफेनॅक आणि ते मीठ ताबडतोब बंद, उद्या रक्त तपासून रिपोर्ट घेऊन या, म्हणाले. रात्री उठताना आधी काठावर बसायचं, मग उभं राहायचं.

अपडेट २ : क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते दाखवणारा रक्तातला आकडा, वाढणं वाईट) १.५, पोटॅशियम ५.४, तेही थोडं जास्तच. गेल्या वर्षीचं क्रिएटिनिन १.१ होतं. डॉक्टर रागावले नाहीत, पण सगळ्या पट्ट्या टेबलावर मांडून अण्णांना एकेक समजावून सांगितली. टेल्मिसार्टनने अंगातलं पोटॅशियम मुळातच थोडं वाढतं, त्यात मिठातून वरून पोटॅशियम चाललेलं. डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्यांनी किडनीचा रक्तपुरवठा कमी होतो आणि बीपीही चढतं. म्हणजे एकीकडून बीपी उतरवायचं औषध, दुसरीकडून चढवायचं, आणि भरडली जाते किडनी. यात लघवी वाढवणारी बीपीची गोळी असती तर आणखी बिघडलं असतं म्हणे. गुडघ्यांना आता पॅरासिटामॉल, तेही किती ते त्यांनी लिहून दिलंय, आणि वरून लावायला मलम. पायाची सूज बहुतेक अम्लोडिपिनची. पुढच्या भेटीत ठरवू, तोवर स्वतःहून गोळी सोडायची नाही. आठवड्याने रक्त परत तपासायचंय.

काल एका प्रतिसादात आठवड्याच्या खणांच्या डबीत गोळ्या काढून ठेवा असं सुचवलं होतं. मी तेच करणार होते. पण टेल्मिसार्टन हवेतला दमटपणा पटकन ओढून घेतं, त्यामुळे घ्यायच्या वेळीच पट्टीतून फोडायची. म्हणून कात्रीने पट्टीसकट एकेक गोळी कापून खणात ठेवली. कोपरे बोचतात अशी तक्रार आली, ते गोल करून दिले. एखाद्या रात्री राहिली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत, हे आईला तीनदा सांगितलंय. अण्णांना सांगण्यात अर्थ नाही.

चिठ्ठीवर आता डॉक्टरांकडून मराठीत लिहून घेतलं, 'जुनी गोळी बंद'. तो कागद फ्रिजवर लावलाय.

एक प्रश्न मात्र उरलाच. मेडिकलवाला "हीच आहे, फक्त कंपनी वेगळी" म्हणून दर महिन्याला वेगळी पट्टी देतो. मी दर वेळी मागचा फोटो मागवते, पण तो अण्णांनी काढायचा आणि तोही हलणाऱ्या हाताने. गावाकडे आईवडील असणाऱ्यांनी यावर काही तोडगा काढलाय का?