आईचा संधिवात आणि वीस मिनिटं लुळा पडलेला हात: मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसता वाचनमात्र आहे, लिहायची वेळ पहिल्यांदाच आली. लांबलं तर सांभाळून घ्या.

आम्ही अमळनेर तालुक्यातले. आई ५४ वर्षांची. अकरा वर्षांपासून संधिवात, आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या त्याच्या दोन्ही रक्ततपासण्या पॉझिटिव्ह. आजार दाबून ठेवणारं मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच आणि त्यासोबत फोलिक ॲसिड, हे तिला तोंडपाठ आहे. पण बोटं जास्त धरली की मेडिकलवरून डायक्लोफेनॅक ही दुखण्याची गोळी आणून घेते. शिवाय दिवाळीपासून गावातल्या एकीच्या सांगण्यावरून कसलीशी पुडी चालू आहे. पुडीने दोन दिवसांत मुठी वळायला लागल्या, म्हणून घरात कुणी हटकलं नाही. मीही नाही.

रविवारी शेतात भरीत पार्टी होती. वांगी पऱ्हाट्यांवर भाजून झाली, आई ठेचायला बसली आणि तिच्या उजव्या हातातलं मुसळ गळून पडलं. बोटं आखडली असतील, नेहमीचंच, असं वाटलं. काकूने विचारलं, मीठ किती घालू? आई काहीतरी बोलली, पण त्यात एकही ओळखीचा शब्द नव्हता. तोंडाची उजवी बाजू ओघळल्यासारखी दिसत होती. मी घाईघाईने पाणी पाजायला गेलो, ते अर्धं बाहेर आलं. वीसेक मिनिटांत सगळं जागच्या जागी. नंतर तिने स्वतःच्या हाताने कळण्याची भाकरी मोडून खाल्ली, वर आम्हालाच हसली.

गावातल्या डॉक्टरांनी बीपी बघितलं, १६०/९४. म्हणाले पित्त असेल, नाहीतर ऊन लागलं असेल. जानेवारीत! चक्करची गोळी दिली.

आज बुधवार. रात्री वाचत बसलो तेव्हा पहिल्यांदा कळलं की संधिवाताच्या पेशंटना लकव्याचा धोका जास्त असतो. सांध्यांचा आणि मेंदूचा खरंच संबंध आहे का? तपासण्या कोणत्या करायच्या? आई तर म्हणते, "मना हात आते बरा शे ना, मंग दवाखानामा कसाले जावानं?"

जुनी फाईल काढून बघितली. अकरा वर्षांत तिच्या बोटांचे एक्स-रे सहा वेळा निघालेत. कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट एकही नाही.

– तापीकाठचा

भुसावळकर: धागा बंद करा आणि गाडी काढा. बाकीचं दवाखान्यात पोचल्यावर बोलू. माझ्या सासऱ्यांना असंच दहा मिनिटं झालं होतं, आम्ही 'बरं वाटतंय' म्हणत चार दिवस काढले. पाचव्या दिवशी अंगावरून वारं गेलं ते गेलंच.

स्टेथोस्कोप: फिजिशियन आहे, पण तुमच्या आईंना मी तपासलेलं नाही, हे ध्यानात ठेवून वाचा. भुसावळकरांशी शंभर टक्के सहमत. तुम्ही वर्णन केलंय त्याला आम्ही टीआयए म्हणतो. बहुधा मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली आणि नशिबाने सुटली. हात बरा झाला याचा अर्थ धोका टळला असा नाही. मोठा झटका येण्याची भीती पहिल्या ४८ तासांत सगळ्यात जास्त असते आणि पुढचे काही आठवडेही ती राहतेच. आजच न्या. जिथे सीटी किंवा एमआरआय होतो अशाच ठिकाणी न्या. धुळे आणि जळगाव दोन्हीकडे सरकारी मेडिकल कॉलेज आहे, तुम्हाला धुळं जवळ. सीटी होईपर्यंत ॲस्पिरिन स्वतःच्या मनाने देऊ नका. गुठळी आहे की रक्तस्राव, हे बाहेरून कळत नाही.

संबंधाबद्दल रात्री सविस्तर लिहितो, आता ओपीडी आहे.

निसर्गमित्र: घाबरू नका. आमच्याकडे लकव्याचं झाडपाल्याचं औषध मिळतं, तीन वाऱ्या कराव्या लागतात. शेकडो लोक बरे झालेत. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

भुसावळकर: टीआयए आपोआपच ओसरतो, साहेब. त्यात तुमच्या पाल्याचं कौतुक कसलं? तीन वाऱ्यांत तीन आठवडे जातील.

स्टेथोस्कोप: आता निवांत लिहितो.

'संधिवात' या नावानेच घोटाळा केलाय. हा सांध्यांत दिसणारा, पण सगळ्या अंगाचा आजार आहे. शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःवरच उलटते. त्यातून जी सूज येते ती बोटांच्या पेरांपुरती थांबत नाही, रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरालाही येते. तिथे चरबीचा थर लवकर धरतो, तो थर ठिसूळ असतो, फुटला की गुठळी. सूज असताना रक्तही जरा जास्तच गोठू पाहतं. शिवाय या रुग्णांत हृदयाचे ठोके अनियमित होण्याचं प्रमाण थोडं जास्त आहे, आणि तसं झालं तर हृदयातली गुठळी थेट मेंदूकडे जाऊ शकते. म्हणून युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांची संघटना सांगते की हृदयविकार-पक्षाघाताच्या धोक्याचा जो आकडा तक्त्यातून निघेल, त्याला संधिवाताच्या रुग्णात १.५ ने गुणा.

कोलेस्टेरॉलचं एक गमतीशीर आहे. आजार जोरात असताना ते उलट कमी येतं, आणि धोका मात्र वाढलेला असतो. म्हणजे रिपोर्ट 'नॉर्मल' बघून निर्धास्त व्हायची सोय नाही. आजार आटोक्यात आल्यावर परत करून बघायचं.

आता औषधांकडे या, कारण मला खरी धास्ती तिथे वाटते. डायक्लोफेनॅकने बीपी वाढतं, आणि हार्ट ॲटॅक व पक्षाघाताचा धोका ते स्वतःच वाढवतं. दोन दिवसांत मुठी वळवणाऱ्या पुडीत बहुतेक वेळा स्टिरॉइड निघतं. त्याने बीपी आणि साखर दोन्ही चढतात. पण ती पुडी आज झटक्यात बंदही करू नका! महिनोन् महिने बाहेरून स्टिरॉइड मिळालं की शरीर स्वतःचं बनवायचं थांबवतं, आणि एकदम तोडलं तर बीपी कोसळून जिवावर बेतू शकतं. पुडी खिशात घालून डॉक्टरांसमोर ठेवा. ते हिशेबाने कमी करतील.

मेथोट्रेक्सेट मात्र घाबरून सोडू नका. मूळ आजार दाबून ठेवणं हाच पक्षाघात टाळायचा अर्धा उपाय आहे.

तपासण्या: एमआरआय, मानेच्या रक्तवाहिन्यांचा डॉपलर (सोनोग्राफीच), ईसीजी आणि शक्य असेल तर २४ तास ठोके नोंदवणारं होल्टर, इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, साखर, लिपिड (कोलेस्टेरॉल), किडनी. दोन्ही हातांचं बीपी वेगवेगळं मोजायला सांगा. फरक फार असेल तर मोठ्या रक्तवाहिन्यांच्या सुजेचा विचार करावा लागतो. आई तंबाखू-मिश्री लावतात का?

शिरपूरची माहेरवाशीण: धागा वाचून अंगावर काटा आला. मला ल्युपस आहे, तोही संरक्षण यंत्रणा स्वतःवरच उलटायचा आजार. ३१ व्या वर्षी डावी बाजू गेली तेव्हा मुलगी बालवाडीत होती. 'या वयात लकवा कसा होईल' म्हणून तीन तास मला सरबत पाजत बसले होते. त्याआधी माझे दोन गर्भपात झाले होते, प्लेटलेट कमी असायच्या, थंडीत पायांवर जांभळी जाळी उमटायची. हे सगळं एकाच माळेत कुणी ओवलंच नाही. पुण्याला गेल्यावर अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम निघाला. या आजारात रक्त स्वतःहून गुठळ्या करतं. ल्युपसमध्ये हा प्रकार बऱ्याच जणींत सापडतो, पण नुसताही असू शकतो.

त्याच्या तीन रक्ततपासण्या असतात: ल्युपस अँटिकोॲग्युलंट, अँटिकार्डिओलिपिन आणि अँटी-बीटा-टू ग्लायकोप्रोटीन. एकदा पॉझिटिव्ह आली म्हणून शिक्का मारत नाहीत, किमान बारा आठवड्यांनी पुन्हा करतात. तुमच्या आईच्या डॉक्टरांना निदान विचारून तरी बघा.

मी वॉरफरिन या रक्त पातळ करणाऱ्या गोळीवर आहे, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा) दोन ते तीनमध्ये ठेवायचा. मधे एकांनी 'नव्या गोळ्या घे, रक्त तपासायची कटकट नाही' असं सुचवलं होतं. माझ्या डॉक्टरांनी ठाम नकार दिला. तिन्ही तपासण्या पॉझिटिव्ह असलेल्यांत त्या नव्या गोळीवर, रिव्हारोक्साबानवर, गुठळ्या जास्त झाल्याचं दिसलंय.

अवांतर: वॉरफरिन लागलं की सगळे मेथी-पालक बंद करायला सांगतात. बंद नाही करायचं, आठवड्याला साधारण सारखं खायचं. थंडीत मेथी आणि पाहुणे आले की आठवडाभर शेवभाजी असं केलं की आयएनआर झोके घेतो.

तापीकाठचा: उशिरा लिहितोय, माफ करा. बुधवारीच दुपारी धुळ्याला नेलं. आईला नेण्यासाठी मामाला पुढे केलं, त्याच्या शब्दाबाहेर ती जात नाही.

एमआरआयमध्ये डाव्या बाजूला लहानसा ताजा डाग आहे, आणि एक जुना. म्हणजे आधीही कधीतरी होऊन गेलं, आम्हाला पत्ता नाही. मानेच्या डाव्या रक्तवाहिनीत चरबीचा थर आहे, पण ऑपरेशन लागावं इतका नाही. ठोके सध्या नियमित. एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १५२. रक्त पातळ करणारी गोळी, कोलेस्टेरॉल उतरवणारं स्टॅटिन आणि बीपीची गोळी सुरू झाली, डायक्लोफेनॅक बंद. आता दुखलं तर काय घ्यायचं तेही लिहून दिलंय. पुडी बघून डॉक्टर काही बोलले नाहीत, नुसती नाकाशी धरली आणि प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडचा उतरता डोस लिहिला. पुडीतली मात्रा माहीत नसल्याने अंदाजानेच जावं लागेल म्हणाले. संधिवाततज्ज्ञांची वेळ नाशिकची घेतली आहे.

स्टेथोस्कोप सर, मिश्री होती. ती बंद करणं या सगळ्यात अवघड दिसतंय. डबी मी फेकली, दुसरी पिठाच्या डब्यात सापडली.

एक प्रश्न राहिला. पुन्हा झालंच तर रात्री-बेरात्री काय करायचं?

स्टेथोस्कोप: उत्तम केलंत. तोंड वाकडं, हात खाली पडतोय, बोबडं बोलणं, एका डोळ्याने अचानक दिसेनासं होणं, तोल जाणं, यातलं एक जरी दिसलं तरी १०८ ला फोन. तोंडात पाण्याचा घोटही नाही, गिळणं बिघडलेलं असतं आणि ते फुप्फुसात जातं. शेवटचं ठणठणीत कधी पाहिलं ती वेळ लिहून ठेवा, दवाखान्यात पहिला प्रश्न तोच असतो. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि प्रवास, सीटी, रक्त यातच दोन तास जातात. म्हणून रात्री दोन वाजता सीटी आणि ते इंजेक्शन दोन्ही कुठे मिळतं, ते आजच फोन करून विचारा. नंबर दारामागे लिहून ठेवा, मोबाइलमध्ये नको. त्या वेळी मोबाइल कुणाचा आणि पासवर्ड कुणाचा, यातच दहा मिनिटं जातात.

संधिवातात बोटं अशीही आखडतात, त्यामुळे घरच्यांची फसगत होते. फरक एवढाच की आखडणं सकाळी जास्त, दोन्ही हातांना आणि दुखून होतं. झटक्यात एकच हात न दुखता गळाला, तर तो संधिवात नव्हे.

तापीकाठचा: नंबर दारामागे लावला. माहेरवाशीणताईंचं ऐकून त्या तीन तपासण्यांचं विचारलं होतं. डॉक्टर म्हणाले, या वयात शक्यता कमी, पण करून टाकू. एक किंचित वाढलेली आली, बारा आठवड्यांनी परत करायची आहे. मोजलं तर ती तारीख बरोबर आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आठवड्यात येते. आई माहेरी जाणार म्हणजे जाणार, झोके तिथलेच. विचारतेय, रक्त आखाजीच्या आधी द्यायचं की नंतर?

स्टेथोस्कोप: बारा आठवड्यांच्या आधी नको, नंतर दोन आठवडे पुढे गेलं तरी चालतं. माहेराहून येऊ द्या. गोळ्यांचा डबा सोबत द्या आणि मामींना मिश्रीचं सांगून ठेवा.

शिरपूरची माहेरवाशीण: मामींनाच सांगा, मामांना नको. डबी त्यांच्याच खिशात असणार.