आधी फोटो लहान करा, मग धार द्या

शिंजीर पक्ष्याचा फोटो संगणकावर लख्ख दिसत होता आणि इथे टाकल्यावर मऊ पडला, असं तुम्ही लिहिलंय. फोकस चुकलेला नाही हो. ६००० पिक्सेल रुंदीचा फोटो १२०० वर आणला की मूळच्या ५ × ५ म्हणजे २५ पिक्सेलांचा एक होतो, आणि पिसांच्या बारीक रेषा त्यातच विरून जातात. म्हणून आधी आकार कमी करायचा, शार्पनिंग, म्हणजे धार देणं, अगदी शेवटी. रेडियस (कडेभोवती किती पिक्सेलपर्यंत धार पोचते ते) ०.३ ते ०.५, त्याहून जास्त नको.

मागच्या हिवाळ्यात कोल्हापूरच्या कळंबा तलावाच्या काठावर वटवट्या पक्षी मिळाला, गवताच्या काडीवर शेपूट उभारून बसलेला. मी सरसकट सगळ्या फोटोला धार दिली. प्रत्येक काडीला पांढरी किनार आली, मागच्या पाण्यात रवा सांडल्यासारखा नॉइज दिसायला लागला. फार वाईट वाटलं. आता मास्क करून, म्हणजे बाकीचा भाग झाकून, फक्त डोळा, चोच आणि डोक्याची पिसं घेतो, पार्श्वभूमीला हातच लावत नाही.

पण पक्षी हलल्यामुळे आलेला धूसरपणा शार्पनिंगने जात नाही. शिंजीर क्षणभर थांबत नाही, त्याला शटरचा वेग १/१६०० सेकंद तरी ठेवाच, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता) वाढला तर वाढू दे. मूळ फाइल असेल तर डोळ्याजवळचा तेवढा भाग कापून इथे पाठवा, बघू या.