आठवड्याला 40 किमी धावून सिंहगड-राजगड-तोरणा ही 53 किमीची डोंगरी शर्यत झेपेल का?

प्रश्न (पहाटेचा_धावक): हातात 16 आठवडे आहेत. आठवड्याला चारच दिवस मिळतात, त्यामुळे 40 किमीच्या वर जाता येत नाही. रस्त्यावरची फुल मॅरेथॉन 4 तास 40 मिनिटांत होते. बहुतेक प्लॅन 70-80 किमी मागतात. अंतर वाढणार नसेल तर काय वाढवावं? लांब उतारावर मांड्या भरून येतात, त्यावरही सांगा.

घाटवाट: झेपेल, पण किलोमीटरऐवजी तास आणि चढाईचे मीटर मोजायला लागा. पायथ्याच्या आतकरवाडीतून सिंहगड म्हणजे साधारण 600 मीटर चढ. दोन फेऱ्यांत 1200 मीटर होतात, अंतर मात्र 10-12 किमीच भरतं. मंगळवारी 8 किमी, त्यात तीन-तीन मिनिटांचे सहा चढ. गुरुवारी 7 किमी रमतगमत. शनिवारी सिंहगडाच्या दोन फेऱ्या आणि रविवारी त्याच दमलेल्या पायांनी 14 किमी सपाट. ही शनिवार-रविवारची जोडी दर आठवड्याला नको, एकाआड एक पुरे. मधल्या आठवड्यात एकच लांब दिवस ठेवा. दर चौथ्या आठवड्यात सगळंच निम्म्यावर आणा.

गडबड होते ती शनिवारी. लोक तिथेच जोर लावतात आणि रविवार वाया जातो. खडा चढ सरळ चालायचा, हात गुडघ्यावर, बोलता येईल इतक्याच दमात. शर्यतीआधी चार आठवडे एकदा 6-7 तास डोंगरात काढा. त्याहून मोठा दिवस एवढ्या सरावावर दुखापतच देईल.

मुरमाड: मांड्यांचं कारण साधं आहे. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक लावत असतो, त्यात तंतूंना बारीक इजा होते. चांगली गोष्ट ही की एकदा उतार पचवले की पुढचे काही आठवडे तोच स्नायू कमी दुखतो. म्हणून दर दहा दिवसांनी उतार हवाच, शेवटचा जोराचा उतार शर्यतीच्या दोन आठवडे आधी. घरी जिन्याच्या पायरीवरून एका पायाने चार सेकंद घेत खाली टेका. प्रत्येक पायाला 12 वेळा, तीन फेऱ्या, आठवड्यातून दोनदा.

उतरताना मागे झुकू नका. टाच आधी पडते, मुरमावरून घसरते आणि ब्रेकचा सगळा भार मांडीवर येतो. पावलं छोटी आणि भरभर टाका. बुटाची नाडी सगळ्यात वरच्या भोकातून ओवून घोट्याशी घट्ट बांधा, नाहीतर बोटं पुढे आपटून नखं काळी पडतात.

पहाटेचा_धावक: खाण्याचं? पाण्यात ओआरएस घालून भागेल का?

घाटवाट: नाही, इथेच बरेच जण फसतात. एक लिटरच्या प्रमाणित पुडीत मीठ 2.6 ग्रॅम, पण ग्लुकोज जेमतेम 13.5 ग्रॅम. तासाला 40 ते 60 ग्रॅम कर्बोदकं लागतात. मध्यम केळ्यात 25 ग्रॅमच्या आसपास मिळतात, एनर्जी जेलच्या (धावताना चोखायचा गोड, घट्ट पाक) एका पाकिटात साधारण 20-25. पहिला घास अर्ध्या तासातच घ्या, भुकेची वाट पाहिली की उशीर झालेला असतो. तहान नसताना नुसतं पाणी ढोसू नका, रक्तातलं सोडियम घसरतं. आणि जे शर्यतीत खाणार तेच शनिवारी चढावर खाऊन बघा. सपाटीवर पचलेलं जेल चढावर उलटून पडू शकतं.