कान्हेरीची लेणी: दोन मुलं आणि सासूबाईंना घेऊन जमेल का?

लालबागकरीण:
बोरिवलीच्या नॅशनल पार्कात नुसते झोके खेळून परत येणं आता पुरे झालं. या वेळी कान्हेरीपर्यंत जायचं म्हणतेय. थोरला आठ वर्षांचा, धाकटी चारची, सासूबाईंना फार चढ झेपत नाही. शंभरच्या वर लेणी आहेत म्हणे. मुलं कंटाळली तर? कोणती बघावीत?

बोरिवली_पूर्व:
सोमवार सोडून जा, बंद असतं. गेटपासून लेणी सहा-सात किलोमीटर आत, तेव्हा मुलांना चालवू नका, आतली बस धरा. पार्कचं तिकीट वेगळं, लेण्यांचं वेगळं.

निवृत्त_ओव्हरसिअर:
ताई, सगळी बघायच्या भानगडीत पडू नका. तीन नंबरचं चैत्यगृह, म्हणजे बौद्ध भिक्खूंचं प्रार्थनेचं दालन, खालीच आहे. त्याच्या व्हरांड्यात दोन्ही टोकांना समोरासमोर बुद्ध उभे आहेत, जवळजवळ सात मीटर उंच. धाकटीला तिथे मान वर करून बघू दे. मग अकरा नंबरचा दरबार हॉल, आत जमिनीलगत दोन लांबच लांब दगडी बाक. सासूबाईंचं एवढ्यावर भागेल, त्यांना सावलीत बसवा.

थोरल्याला घेऊन मात्र वर चढा आणि त्याला एकच काम द्या: पाणी कुठून येतं ते शोध. माझी नोकरी पाण्याच्या कामात गेली, त्यामुळे मूर्तींच्या आधी माझी नजर पन्हळींवर जाते. डोंगरावर पडलेला पाऊस कातळात खोदलेल्या पन्हळींतून उतरतो आणि विहारांच्या, म्हणजे भिक्खूंच्या राहायच्या लेण्यांच्या, दाराशी असलेल्या टाक्यांत साठतो. टाक्याचं तोंड लहान, पोट मोठं. पंप नाही, पाइप नाही, सगळं उतारावर. नवे टॉवर बांधणाऱ्यांना आणून दाखवावं असं काम आहे! कल्याणच्या एका सोनाराने इथे टाकं दान दिल्याचा ब्राह्मी लेख आहे. म्हणजे त्या काळी पुण्य कमवायला लोक पाण्याची सोय करून देत.

पोराच्या पायांत दम उरला तर नव्वद नंबर गाठा. तिथे पारशी मंडळींनी इ.स. १००९ आणि १०२१ मध्ये पहलवीत, म्हणजे जुन्या इराणी भाषेत, कोरलेले लेख आहेत. हजार वर्षांपूर्वीचे पाहुणे! (हे वाचून नावं कोरायला खिळा काढणारे महाभाग भेटतील, त्यांना खुशाल झापा.)

आणि मुंबईचे विहार नि तुळशी तलाव याच जंगलात आहेत, अनुक्रमे १८६० आणि १८७९ सालचे. डोंगर तोच, पाऊस तोच.

काकडीवाला_फॅन:
ओव्हरसिअर काका, पुढच्या वेळी मला न्या. बाकी, खाऊची पिशवी हातात लोंबकळत ठेवू नका, माकडं सरळ ओढतात. चिप्सचा नुसता आवाज झाला तरी येतात. आदिवासी मावश्या काकडी, आवळे विकतात, ते घ्या आणि तिथल्या तिथे संपवा.

लालबागकरीण:
काका, खूप आभार. थोरल्याला आत्ताच सांगितलं, तो वही घेऊन येणार आहे. पावसात न्यावं का? आणि धाकटीची बाबागाडी?

निवृत्त_ओव्हरसिअर:
पन्हळी वाहताना बघायच्या तर पावसातच, पण पायऱ्या शेवाळतात, लहानगीला घेऊन नको. पाऊस सरल्यावर या, टाकी तेव्हाही भरलेली असतात. आत डोकावताना पोराचा हात सोडू नका, खोल आहेत. बाबागाडी घरीच ठेवा, सगळ्या कातळात खोदलेल्या पायऱ्या आहेत.