मदत हवी आहे: किट विमानातला तिरपा रिवेट काढावा की राहू द्यावा?

नमस्कार मंडळी,

मी आणि माझा धाकटा भाऊ मिळून ॲल्युमिनियमचं दोन आसनी किट विमान (सुटे भाग मागवून स्वतः जोडायचं) बांधतोय. सुरुवात शेपटीपासून केली. आडवा स्टॅबिलायझर (शेपटीचा स्थिर आडवा पंख) पूर्ण झाला, आता एलेव्हेटर, म्हणजे त्यामागचा वर-खाली हलणारा भाग, हातात आहे. कामाची हौस दोघांनाही आहे आणि घाई कुणालाच नाही. पण नवीन काम कमी आणि झालेलं काम उसवणं जास्त, असं चाललंय. कुठे थांबायचं यावर आमचं एकमत होत नाही, म्हणून अनुभवी लोकांना विचारतेय.

परवा स्पारला (आतल्या लांब मुख्य दांडीला) रिब, म्हणजे आकार देणारी आडवी फासळी, जोडताना बकिंग बार (रिवेटच्या मागे धरायचा लोखंडी ठोकळा) किंचित तिरका धरला गेला आणि एका ३/३२ इंची रिवेटचं, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या धातूच्या खिळ्याचं, ठोकून झालेलं डोकं एका बाजूला सरकलं. कॅलिपर लावून पाहिलं. रुंदी ३.६ मिमी, म्हणजे व्यासाच्या दीडपट. उंची १.२ मिमी, म्हणजे व्यासाच्या निम्मी. दोन्ही मापं हवी तशीच, चीर कुठेही नाही. मी म्हटलं राहू दे. भाऊ म्हणाला, "ताई, हे विमान आहे. डोळ्यांना खटकतंय ते मी सोडणार नाही." काढायला घेतला. ड्रिलचं टोक घसरलं आणि भोक लांबट झालं. नवा रिवेट त्या सैल भोकात ठोकताना आडवा पडला, तोही काढावा लागला, आणि रिबच्या पातळ पत्र्याला ओरखडा आला तो वेगळाच. म्हणजे आधी होता तो जोड नंतरच्यापेक्षा चांगला होता.

भावाची काळजी मला पटत नाही असं नाही. या पत्र्यावर पुढे माणसं बसणार आहेत. पण दुरुस्तीच जर जोड कमकुवत करत असेल तर ती काळजी चुकीच्या जागी खर्च होतेय, असं माझं मत आहे.

दुसरी डोकेदुखी डाव्या-उजव्याची. रिब जोडीने येतात आणि डिंपल (रिवेटचं डोकं सपाट बसावं म्हणून भोकाभोवतीचा खळगा) पाडेपर्यंत दोन्ही अगदी सारख्या दिसतात. दोन्हींवर एकाच बाजूने डिंपल पाडले की दोन डाव्या तयार होतात आणि उजवी पुन्हा मागवावी लागते. पार्ट येईपर्यंत पुढचं सगळं अडून राहतं. आमच्याकडे सध्या तेच झालंय.

तर मंडळी, कुठला दोष काढायचाच आणि कुठला सोडायचा, हे तुम्ही कशावरून ठरवता? रिवेट काढताना भोक वाचवायचं कसं? आणि डाव्या-उजव्यासाठी कुणाची काही खात्रीची पद्धत असेल तर जरूर सांगा.

प्रतिसाद: जोडारी

ताई, तुमचं म्हणणं बरोबर आहे. तुम्ही दिलेल्या मापांचा रिवेट मी तरी काढला नसता. डोकं थोडं सरकलेलं असलं तरी दांडा भोकात घट्ट भरलेला असतो आणि भार तोच घेतो. मात्र चीर असेल, डोकं पत्र्याला टेकलेलं नसेल, दोन पत्र्यांमध्ये फट राहिली असेल, तर काढायचाच. तिथे भावाचं ऐका.

काढताना नेहमी कारखान्यातून आलेल्या डोक्याकडून सुरुवात करा. तुमच्या किटमध्ये एडी जातीचे रिवेट असतील तर त्या डोक्याच्या मधोमध बारीक खळगा दिसेल. ती २११७ मिश्रधातूची खूण आहे, पण ड्रिलचं टोक टेकवायलाही उत्तम. पॉवर चालू करण्याआधी बिट हाताने दोन-चार वेळा फिरवून त्याला बसायला जागा करा. ३/३२ साठी ४० नंबरचा बिट लागतो (नंबर म्हणजे ड्रिल बिटचं माप), मी त्याहून किंचित बारीक घेतो. फक्त डोक्याच्या जाडीइतकंच खोल जायचं, आरपार अजिबात नाही. मग त्या भोकात पंच घालून डोकं हलकेच तिरपं करून तोडायचं. उरलेला दांडा पंचने बाहेर ठोकताना मागे आधार हवाच, नाहीतर रिबचा पत्रा वाकतो. बहुतेकांचं नुकसान याच पायरीला होतं.

भोक मोठं झालंच तर ३० नंबरने ड्रिल करून १/८ चा रिवेट बसवता येतो, पण आधी कडेचं अंतर मोजा. भोकाच्या मध्यापासून कडेपर्यंत किमान व्यासाच्या दुप्पट, म्हणजे १/८ साठी पाव इंच पाहिजे. तेवढं नसेल तर मोठ्या रिवेटने दुखणं वाढेल. जिथे डोकं पत्र्याच्या पातळीत सपाट बसवायचं असतं, तिथे एनएएस १०९७ रिवेट उपयोगी पडतात. त्यात दांडा १/८ चा पण डोकं जवळपास ३/३२ इतकंच मिळतं. स्पार आणि बिजागरीच्या जागी स्वतःच्या मनाने काही करू नका, किटवाल्यांना फोटो पाठवून विचारा.

डाव्या-उजव्याचं म्हणाल तर दोन्ही रिब पाठीला पाठ लावून टेबलावर ठेवा, बाहेरची बाजू मार्करने लिहा आणि डिंपलची दिशा बाणाने दाखवा. मग ज्याने खुणा केल्या नाहीत त्याने ड्रॉइंगशी ताडून पाहायचं. तुम्ही दोघं आहात, याचा फायदा घ्या. उलटा पडलेला डिंपल ठोकून सपाट करण्याच्या फंदात मात्र पडू नका, त्या पत्र्याला चिरा जातात.

धागाकर्ती

खूप आभार! भावाला वाचून दाखवलं. चीर आणि फट हे दोन निकष त्यालाही मान्य आहेत. अजून एक विचारते. एलेव्हेटरच्या मागच्या धारेजवळ पत्र्याला उथळ पोचा आहे. फिलर भरून रंगवला तर चालेल का?

प्रतिसाद: जोडारी

तिथे शक्यतो भरू नका. बिजागरीच्या मागे वाढलेलं थोडं वजनही एलेव्हेटरचा तोल बिघडवतं आणि जास्त वेगात फ्लटरचा (हवेने भाग जोरात थरथरण्याचा) धोका वाढतो. पोचा उथळ असेल आणि पत्र्याला कड पडली नसेल, तर फोटो काढून किटवाल्यांकडून होकार घ्या आणि तसाच राहू द्या. रंग दिल्यावर तोल पुन्हा तपासायचा आहे, हे आत्ताच वहीत लिहून ठेवा.